चिनी मातीचा सोंगाड्या

सोंगाड्याचे बोलणे लिहून ठेवण्याची चाल आपल्याकडे कधी पडली नाही. वगाची गोष्ट ठरलेली असे, राजा-प्रधान ठरलेले असत, लावण्या पाठ असत. पण सोंगाड्या आज काय बोलणार हे फडाच्या सरदारालाही अगोदर ठाऊक नसे. समोर बसलेला पाटील, कालचा बाजार, गावातली भाऊबंदकी, जे हाती लागेल त्यातून तो हशा काढी. पहाट झाली, माणसे उठली, की ते बोलणे गेले. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीस सीतास्वयंवराचा खेळ केला, तेव्हाही पदे तेवढी रचलेली होती. पात्रांची भाषणे आणि विदूषकाच्या लीला ऐन वेळच्या. नाटककाराचे नाटक छापून राहते, गवयाची चीज शिष्याच्या गळ्यात राहते. हसविणाऱ्याचे काय राहते?

या प्रश्नाचे एक दूरदेशीचे आणि काहीसे चमत्कारिक उत्तर आम्ही येथे मांडणार आहोत. अठराव्या शतकात जर्मनीतील राजेरजवाड्यांनी अशाच बिनलिखित नाटकातील पात्रे चिनी मातीत घडवून घेतली. मूर्ती वीतभराहून थोड्या लहानच. रंगविलेल्या, झिलई दिलेल्या, आणि मांडण्याची जागा देव्हारा नव्हे की दिवाणखान्याचा कोनाडा नव्हे, तर जेवणाचे मेज. गोदाकाठच्या उघड्या पटांगणात चित्रे दाखविण्याची सोय नसते, तेव्हा शब्दांनीच त्या उभ्या कराव्या लागतील.

आधी ते नाटक कोणते हे पाहू. सोळाव्या शतकात इटलीत नटांच्या फिरत्या मंडळ्या निघाल्या. पदुआ शहरात १५४५ साली काही नटांनी मिळून केलेला करारनामा आजही उपलब्ध आहे. सामान वाहण्यास सामाईक पैशातून एक घोडा घ्यावा, आणि मंडळीतील कोणी आजारी पडल्यास त्याची सोय सर्वांनी पाहावी, अशी त्यात कलमे आहेत. हे वाचले की ती मंडळी आपल्या ओळखीची वाटू लागतात. त्यांच्या नाटकाला पुढे ‘कोमेदिया देल्लार्ते’ असे नाव पडले. अर्थ सरळ आहे: कसबी, धंदेवाईक नटांची नाटके. संहिता नसे. कथेचा सांगाडा एका कागदावर लिहून पडद्यामागे टांगलेला असे. कोण केव्हा आत येतो, कोणाला मार बसतो, कोणाचे पत्र कोणाच्या हाती पडते, एवढेच त्यावर. असे पन्नास सांगाडे फ्लामिनियो स्काला नावाच्या एका नटाने १६११ साली छापले. ते वाचून आज कोणाला हसू येईल असे आम्हांस वाटत नाही. हसू त्या कागदात नव्हतेच.

पात्रे मात्र पिढ्यानुपिढ्या तीच. व्हेनिसचा कंजूष, म्हातारा आणि तरीही रंगेल सावकार पांतालोने: तांबडी तंग विजार, काळा झगा, बाकदार नाकाचा मुखवटा. बोलोन्याचा पंडित दोत्तोरे, जो लॅटिन वचनांचा पाऊस पाडतो आणि त्यातले निम्मे चुकीचे असते. बढाईखोर शिपाई कापितानो, लढाईच्या गोष्टी सांगणारा आणि उंदीर खुडबुडला तरी दचकणारा. प्रेमात पडलेले तरुण-तरुणी, यांना मुखवटा नसे. हुशार मोलकरीण कोलोंबिना. आणि या सर्वांत लाडका, हार्लेक्विन.

हार्लेक्विन मूळचा बेर्गामोच्या डोंगराकडचा. त्या मुलुखातले गरीब लोक हमालीसाठी व्हेनिसला जात, जसे आपल्याकडे घाटावरचे लोक मुंबईच्या गोदीवर जात. शहराला या खेडवळ हमालाच्या भाषेचे हसू येई, त्यातून हे सोंग निघाले. अंगावर ठिगळांचा अंगरखा; ही ठिगळे पुढे नीटस, रंगीत शंकरपाळ्यांच्या नक्षीत बदलली, पण मूळ ती दारिद्र्याची खूण. तोंडावर कातड्याचा काळा अर्धा मुखवटा. कमरेला दोन फळ्यांचे लाकडी फटकारे, ज्याने लागते थोडे आणि वाजते फार. आणि कायमची भूक. या भुकेवर त्याचे कित्येक ठरीव खेळ असत. एक प्रसिद्ध खेळ असा, की तो हवेत माशी पकडतो, तिचे पंख तोडतो आणि पक्वान्न खावे तशी चवीने खातो. पोट भरलेल्या माणसाला हा खेळ सुचणार नाही.

पेठ-सुरगाण्याकडे किंवा जव्हार-मोखाड्याकडे ज्यांनी बोहाडा पाहिला असेल त्यांना मुखवट्याचे बळ वेगळे सांगावयास नको. मुखवटा चढला की चेहरा संपतो आणि बोलण्याचे काम मान, खांदे, कंबर, पाय यांवर येते. बोहाड्यात मुखवटे देवांचे व दैत्यांचे. इटलीत ते सावकाराचे व नोकराचे. पण देहाने बोलण्याची रीत तीच. पुढे माती या नाटकाच्या कामी आली ती याच कारणाने, हे येथे ध्यानात ठेवावे. मातीला बोलता येत नाही, पण पवित्रा घेता येतो.

आता मातीकडे वळू. आपण तिला चिनी माती म्हणतो. या नावातच तिचा इतिहास आहे. शुभ्र, कठीण, टिचकी मारली की वाजणारी आणि उजेडासमोर धरली तर किंचित पारदर्शक अशी भांडी चीनमध्ये कित्येक शतके होत होती. युरोपास ती करता येत नव्हती, म्हणून तेथे ती जवळजवळ सोन्याच्या भावाने जात. सॅक्सनीचा अधिपती आणि पोलंडचा राजा ऑगस्टस याला या भांड्यांचे व्यसनच होते. १७१७ साली त्याने आपले सहाशे सैनिक प्रशियाच्या राजाला दिले आणि त्यांच्या बदल्यात १५१ चिनी भांडी घेतली. त्या सहाशे माणसांना या सौद्याबद्दल काय वाटले हे कोणी विचारल्याचे दिसत नाही.

याच राजाच्या कैदेत एक तरुण होता. योहान फ्रीडरिख ब्योटगर हा बर्लिनच्या एका औषधविक्याकडचा उमेदवार. आपल्याला हलक्या धातूचे सोने करता येते अशी त्याने आवई उठविली, आणि ती प्रशियाच्या राजाच्या कानी गेली तेव्हा १७०१ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, तो जीव घेऊन सॅक्सनीत पळाला. ऑगस्टसने त्याला आश्रय दिला तो कुलपाआड. सोने काही झाले नाही. पण चिर्नहाउस नावाचा एक विद्वान बराच काळ निरनिराळ्या मातींवर उष्णतेचे प्रयोग करीत होता. त्याच्या देखरेखीखाली ब्योटगर भट्टीशी झगडू लागला. १७०८ च्या जानेवारीतील त्याच्या टिपणात पांढऱ्या मातीच्या यशस्वी मिश्रणाची नोंद सापडते. १७१० साली ड्रेस्डेनजवळ माइसेन येथे, एल्ब नदीवरच्या उंच गढीत, राजाने कारखाना घातला. गढी निवडली ती गुपित बाहेर फुटू नये म्हणून. ब्योटगर १७१९ साली सदतिसाव्या वर्षी वारला.

गुपित होते तरी काय? केओलिन नावाची शुभ्र माती, जी भट्टीत वितळत नाही, आणि तिच्याबरोबर एक वितळणारा खनिज पदार्थ. ब्योटगरने आरंभी अलाबास्टर वापरला, पुढे फेल्डस्पार आला. चिनी कारागीर पहिल्याला हाड आणि दुसऱ्याला मांस म्हणत, आणि याहून चांगले वर्णन आम्हांस सुचत नाही. सुमारे १४०० अंश उष्णतेत मांस वितळून हाडांच्या फटीत भरते आणि दोन्ही मिळून दगडासारखी एकजीव वस्तू होते. आपल्या कुंभाराच्या आव्याला एवढी उष्णता कधी लागत नाही. त्याचे मडके याच्या निम्म्याशिम्म्या उष्णतेत पक्के होते.

मूर्ती करण्याची रीत मात्र शाडूचा गणपती करणाऱ्याला चटकन उमजेल. शिल्पकार प्रथम मातीची मूळ मूर्ती करतो. मग तिचे डोके, हात, पाय, धड असे तुकडे पाडून प्रत्येकाचे प्लास्टरचे साचे घेतात. साच्यात माती दाबून सुटे अवयव काढतात आणि पातळ मातीच्या लुकणाने ते जोडतात. हे जोडकाम करणारा कारागीर फार महत्त्वाचा. मान किती कलवायची, बोट किती वाकवायचे, हे त्याच्या हातात. एकाच साच्यातून निघालेल्या दोन मूर्तींचा स्वभाव त्यामुळे वेगळा होतो. नंतर सुकवणे, भाजणे, झिलई देणे, पुन्हा भाजणे, मग रंग आणि सोने, आणि त्यासाठी पुन्हा कमी आचेवर भाजणे. या प्रवासात मूर्ती सुमारे एक षष्ठांशाने लहान होते. शिवाय मोठ्या भट्टीत ती एका क्षणी जवळजवळ मऊ पडते. त्या वेळी एका पायावर तोललेला नाचरा हार्लेक्विन सरळ कोसळेल. म्हणून त्याच्या पायामागे झाडाचा एक बुंधा असतो. पाहणाऱ्याला वाटते, रानातला देखावा असावा. तो देखावा नव्हे, टेकू आहे.

आता मुख्य प्रश्न: भुकेल्या हमालाचे हे सोंग राजाच्या मेजावर का?

याचे उत्तर शोधताना आपण आपल्या चैत्रगौरीची आरास आठवावी. पायऱ्या मांडायच्या, गौर बसवायची, आणि भोवती घरातली सगळी खेळणी, बाहुल्या, मातीची फळे, छोटी बाग, छोटे तळे उभे करायचे. आलेल्या बायकांनी डाळ-पन्हे घेता घेता ते पाहायचे. युरोपातील दरबारी मेजवानीत शेवटचा, गोड पदार्थांचा पाट येई तेव्हा मेजावर अशीच आरास होत असे. वाटिका, कारंजी, देवळे, आणि त्यांतून हिंडणारी माणसे. पूर्वी ही माणसे साखरेची करीत. आपल्या संक्रांतीच्या हलव्याच्या दागिन्यांसारखेच हेही हौसेचे आणि अल्पायुषी काम. साखर पिवळी पडते, ओलसर हवेत पाझरते, मुंग्यांना आवडते. चिनी माती दिसायला साखरेइतकीच शुभ्र, आणि टिकाऊ. तेव्हा साखरेच्या जागी ती आली. गंमत अशी की अशा मूर्ती पुष्कळदा कलावस्तूंच्या भांडारात नव्हे, तर दरबारी मिठाईवाल्याच्या खात्यात ठेवीत.

मेजावरची मूर्ती आणि कोनाड्यातली मूर्ती यांत एक मोठा फरक आहे. कोनाड्यातल्या मूर्तीची पाठ भिंतीकडे असते, तेव्हा पाठ सपाट ठेवली तरी चालते. मेजाभोवती पाहुणे चारी बाजूंनी बसतात. कोणाला तोंड दिसणार, कोणाला पाठ. म्हणून प्रत्येक अंगाने पाहावीशी वाटेल अशी मूर्ती करावी लागे. देहाला पीळ द्यावा लागे, म्हणजे खांदे एकीकडे, गुडघे दुसरीकडे, मान तिसरीकडे. असा पीळ ज्याच्या अंगात मुळातच आहे तो कोण? मुखवटा घालून देहाने बोलणारा नट. शिल्पकाराला जे पाहिजे होते ते रंगभूमीवर आयते उभे होते.

ते ज्याने सर्वांत आधी नीट ओळखले तो योहान योआखिम केंडलर. जन्म १७०६ चा, बाप पाद्री. १७३१ साली तो माइसेनच्या कारखान्यात आला. राजाने त्याला पहिल्यांदा जवळजवळ खऱ्या आकाराचे प्राणी-पक्षी चिनी मातीत करावयास सांगितले. तो हट्टच होता. एवढ्या मोठ्या मूर्ती भट्टीत तडकत. १७३३ साली ऑगस्टस वारला, त्याचा मुलगा गादीवर आला, आणि ब्र्यूल हा बडा सरदार कारखान्याचा कारभार पाहू लागला. या ब्र्यूलसाठी केंडलरने हंसांच्या नक्षीचा जो भोजनसंच १७३७ ते १७४१ या काळात केला त्यात दोन हजारांहून अधिक नग होते. त्याच सुमारास त्याचे हात लहान मूर्तींकडे वळले.

ड्रेस्डेनच्या दरबारात १७३८ पासून बेर्तोल्दी यांची इटालियन नाटकमंडळी नोकरीस होती, तेव्हा नमुना दूर शोधावयास नको होता. शिवाय दरबारचे खास विदूषक होतेच. फ्र्योलिख नावाचा हातचलाखी करणारा विदूषक विजारीच्या पट्ट्यांत अंगठे खोवून कसा उभा राही ते केंडलरने एका मूर्तीत पकडले आहे. श्मीडेल नावाच्या दुसऱ्या थट्टेखोराला उंदरांचा फार तिटकारा. केंडलरने १७३९ साली त्याचा अर्धपुतळा केला आणि त्याच्या अंगावर उंदीर सोडले. एक तर तोंडात दिला. दरबारी विनोद कोणत्या जातीचा असतो हे यावरून कळते. विदूषकाने राजाला हसवायचे, आणि राजाने विदूषकाला.

केंडलरचे हार्लेक्विन १७३६-३७ च्या पुढे आठ-दहा वर्षांत होत गेले. एक बुंध्यावर पायावर पाय टाकून बसला आहे, हातात दारूचा चंबू, आणि तोंड असे वेंगाडले आहे की पलीकडे कोणाला तरी तो चिडवीत असावा. एकाने काखेत कुत्रा घेऊन त्याचेच वाद्य केले आहे. एक टोपी काढून इतक्या खाली वाकला आहे, की हा नमस्कार आहे की टिंगल हे ठरविणे कठीण. अंगरख्याचे रंग भडक: काळा, तांबडा, पिवळा, एकाला एक लागून, काहींच्या अंगावर तर ठिगळांऐवजी खेळायचे पत्ते रंगविलेले. या मूर्ती सुंदर आहेत असे आम्ही म्हणणार नाही. त्या उद्धट आहेत. मुखवट्याखालून दात दिसतात, मान पुढे येते, पोट पुढे येते. मेजावर चांदीच्या ताटांच्या मधोमध हा भुकेला हमाल उभा, आणि पाहुण्यांच्या पुढ्यातल्या मिठाईकडे पाहतो आहे. केंडलरने त्याची भूक शाबूत ठेवली, हा त्याचा मोठा गुण आम्ही समजतो.

हे सर्व चालले असताना त्याच सॅक्सनीत, लाइपझिग शहरात, दुसरे एक नाटक घडले. प्राध्यापक गॉटशेड यांचे मत असे, की जर्मन रंगभूमी सुधारावयाची तर लिहिलेली, नियमबद्ध, उपदेशपर नाटके झाली पाहिजेत आणि हा पाचकळ हार्लेक्विन गेला पाहिजे. कारोलिने नॉयबर या नामांकित नटीची मंडळी त्यांच्या विचाराची होती. १७३७ साली या मंडळीने लाइपझिगच्या रंगमंचावर हार्लेक्विनला समारंभपूर्वक हद्दपार केले. म्हणजे एका गावात विद्वानांनी त्याला नाटकातून हाकलले, आणि जवळच्याच दुसऱ्या गावात कारागीर त्याला साच्यात घालून अमर करीत होते. योगायोग म्हणावा तर मोठा बोलका आहे. पुढे १७६१ साली युस्टुस म्योजर या लेखकाने हार्लेक्विनच्या बाजूने एक खुसखुशीत कैफियत लिहिली, पण तोवर काळ पालटला होता.

हार्लेक्विनवर असा प्रसंग पहिल्यांदाच आला होता असे नाही. फ्रान्सच्या चौदाव्या लुईने पॅरिसमधील इटालियन नटांना १६९७ साली घालवून दिले. त्यांच्या नाटकात राजाच्या पत्नीची टवाळी होते असा वहीम होता. राजा गेल्यावर १७१६ साली त्यांना परत बोलाविण्यात आले. त्या परतलेल्या मंडळीचा प्रमुख लुइजी रिक्कोबोनी. त्याने १७२८ साली इटालियन रंगभूमीचा इतिहास लिहिला आणि त्यात प्रत्येक पात्राच्या पोषाखाची चित्रे घातली. ही चित्रे पुढे माइसेनला पोचली. वाइसेनफेल्सच्या ड्यूकसाठी १७४३-४४ च्या सुमारास केंडलर आणि त्याचा सहकारी राइनिके यांनी विनोदी पात्रांचा जो संच केला, त्यातल्या पुष्कळ मूर्ती या चित्रांवरून घेतलेल्या आहेत. संच पूर्ण आहे, पोषाख बिनचूक आहेत, आणि आमच्या मते येथेच थोडे पाणी कमी पडते. पाहिलेल्या नटाची मूर्ती आणि पुस्तकातल्या चित्राची मूर्ती यांतला फरक डोळ्यांना कळतो. दिवाळीच्या किल्ल्यावर मांडायची चित्रे आपण बाजारातून आणतो. त्यांतला एखादा वाणी खरोखर कोणा वाण्याला पाहून केलेला असतो, बाकीचे त्या वाण्यावरून. तसेच हे. तो ड्यूक १७४६ साली वारला आणि त्याच्याबरोबर त्याचे घराणेही संपले. वाइसेनफेल्सचे नाव आज जगात पुष्कळांना ठाऊक आहे ते या बाहुल्यांमुळे.

या सर्वांहून निराळा माणूस म्हणजे फ्रान्त्स आन्टोन बुस्तेल्ली. त्याच्या आयुष्याची माहिती थोडी आहे. १७५४ साली तो बव्हेरियाच्या राजकीय कारखान्यात मूर्तिकार म्हणून लागला, १७६१ साली कारखाना म्युनिकजवळ निम्फेनबुर्ग येथे हलला, आणि १७६३ साली बुस्तेल्ली वारला. जेमतेम साडेआठ वर्षांचे काम. त्यात १७६० च्या सुमारास त्याने केलेल्या या नाटकातील सोळा पात्रांच्या मूर्ती, म्हणजे आठ जोड्या, चिनी मातीच्या कामाचा कळस मानल्या जातात.

जोड्या म्हटले ते महत्त्वाचे. बुस्तेल्लीची मूर्ती एकटी पाहिली तर अर्धीच कळते. एक जण हात पसरून काही विनवीत आहे. कोणाला, हे जोडीची मूर्ती समोर ठेवल्यावर समजते. ती मान वळवून, पण डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहत, नको म्हणते आहे. मेजावर त्या पुढेमागे सरकविल्या की दर वेळी नवा प्रवेश तयार होतो. संहिता नाही, पण नाटक आहे. मूळ रंगभूमीचे मर्म त्याने असे उचलले. आणि टेकू? केंडलरचा बुंधा बुस्तेल्लीने काढून टाकला. त्याच्या मूर्तीखालची बैठक पातळ, लाटेसारखी. तीच लाट एका बाजूने उसळून पायाला किंवा कमरेला जाऊन भिडते. म्हणजे भट्टीची अडचण होती तीच नक्षी झाली. असला तोडगा काढणाऱ्या कारागिरापुढे आम्ही हात जोडतो.

तरीही एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. बुस्तेल्लीच्या मेळ्यात कोणाला भूक लागलेली नाही. त्याचे नोकरही नाजूक बोटांचे, नर्तकासारख्या पावलांचे. केंडलरचा हार्लेक्विन मेजावरचे उचलून खाईल अशी धास्ती वाटते. बुस्तेल्लीच्या मेळ्यातला कोणी असे करील हे मनातही येत नाही. वीस वर्षांत सोंग रस्त्यावरून महालात आले आणि महालाचे झाले. मातीने पवित्रा राखला, पोषाख राखला, मान कशी वळे ते राखले. कोणाची टवाळी करण्यासाठी ती मान वळे, ते मात्र हळूहळू गळून गेले.

आपल्या सोंगाड्याला असा मूर्तिकार मिळाला नाही. त्याला गॉटशेड मात्र मिळाले. स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली होती; पुढे ती उठली ती वगाची संहिता अगोदर तपासून घेण्याच्या अटीने. हेतू चांगला असेलही, कारण अश्लीलतेची तक्रार खोटी नव्हती. पण ज्याचे बोलणे ऐन वेळी सुचते त्याला ते आधी लिहून दाखीव म्हणणे, म्हणजे माशाला चालत ये म्हणण्यासारखे झाले. दादू इंदुरीकरांचा ‘गाढवाचं लग्न’मधला सावळ्या ज्यांनी पाहिला ते त्यांची वाक्ये सांगत नाहीत, सांगता येत नाहीत, ते उभे राहून तो कसा उभा राही हे दाखवू लागतात. सावळ्या हा जातीने कुंभार होता, ही या संदर्भात उगाच आठवणारी गोष्ट. गवळणीतला लंगडा, बोबडा पेंद्या, पदर खोचून ठसक्यात येणारी मिशाळ मावशी, ही सोंगे मातीत धरण्यासारखी नाहीत असे कोण म्हणेल? शाडूत गौळणी होतात, मावळे होतात. केंडलरच्या हातात पेंद्या पडता तर त्याच्या लंगड्या पायामागे बुंधा लावावयासही नको होता, काठी होतीच.

जर्मनीतील मूर्तींनाही पुढे चैन मिळाली नाही. गुस्टाव फॉन क्लेम्पेरर हा ड्रेस्डेनचा बँकवाला. त्याने जमविलेल्या माइसेनच्या संग्रहात आठशेहून अधिक वस्तू होत्या. घराणे ज्यू. १९३८ साली कुटुंबाला देश सोडावा लागला आणि नाझी सत्तेने संग्रह जप्त केला. १९४५ च्या फेब्रुवारीत ड्रेस्डेनवर बाँबवर्षाव झाला तेव्हा त्यातला बराच भाग राजवाड्याच्या आवारात गाडीत भरलेला होता. नंतर ढिगाऱ्यातून खापऱ्या वेचण्यात आल्या. कित्येक वर्षांनी वाचलेल्या वस्तू वारसांना परत मिळाल्या, त्यांतल्या काही वारसांनी ड्रेस्डेनच्याच संग्रहालयाला दिल्या, आणि २०१० साली लंडनच्या लिलावात उरलेले फुटके-तुटके नगही विकले गेले. जळालेल्या रंगाच्या, तुकड्यांच्या मूर्ती लोकांनी पैसे मोजून घेतल्या. माइसेन आणि निम्फेनबुर्ग हे दोन्ही कारखाने आजही चालू आहेत, आणि केंडलर व बुस्तेल्ली यांच्या जुन्या नमुन्यांवरून तेथे अजून मूर्ती काढल्या जातात.

आपल्याला एवढ्या दूर जाणे नेहमी शक्य नसते. हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात युरोपीय चिनी मातीच्या कामाचे मोठे दालन आहे, आणि त्यात जर्मन कामही आहे. तिकडे जाणे झाले तर घड्याळाचे ठोके ऐकण्यासाठी जमलेल्या गर्दीतून निघून थोडा वेळ त्या दालनात काढावा. माणसाची लहान मूर्ती दिसली, की पुढून पाहून लगेच सरकू नये. काचेच्या बाजूने जाऊन पाठ पाहावी, पायामागे बुंधा आहे की लाट आहे ते पाहावे, बोटे पाहावीत, आणि मूर्ती कोणाकडे पाहते आहे याचा शोध घ्यावा. तिच्या जोडीची मूर्ती पुष्कळदा दुसऱ्याच फळीवर असते.